उजेडाची फट

आईच्या कात्रीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला कायदा. दहा इंची, काळ्या मुठीची, मेरठच्या घडणीची ती कात्री शिवणयंत्राच्या खणात फलालिनीच्या तुकड्यात गुंडाळलेली असे. आईनं ती १९७४ साली बोहरी आळीतून आणली. तेव्हा आम्ही पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो आणि आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक आई शिवून द्यायची. दुपारची जेवणं उरकली की सतरंजी गुंडाळून फरशीवर कापड पसरायचं, शिंप्याच्या खडूनं खुणा करायच्या आणि मग तो आवाज सुरू व्हायचा. चर्रर्र असा लांब, सलग, आणि त्याच्या खालून फरशीवरून पातं सरकत गेल्याची बारीक घसर. त्या आवाजात माझी कितीतरी वर्षं दुपारची झोप झाली आहे.

एका गणपतीत मी आणि भावानं मखरासाठी घोटीव कागद त्या कात्रीनं कापला. आई बाजारात गेली होती. कागदाचे कपटे उचलले, कात्री पुसली, फलालिनीत होती तशी ठेवली. दुसऱ्या दिवशी आईनं ब्लाउजपीस बेतायला घेतलं, वीतभर कापलं आणि हात थांबवला. "कागद कुणी कापला?" एवढंच विचारलं. आम्हाला तेव्हा ती मनातलं ओळखते असं वाटलं. तिनं ओळखलं ते आवाजावरून. कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून त्यात खडूसारखी आणि पांढऱ्या मातीची पूड मिसळलेली असते. दिसायला मऊ, पण धारेला ती बारीक वाळूसारखी घासते. एका मखरानं एवढी मोठी कात्री काही मरत नाही, पण कापडावर रोज चालणाऱ्या हाताला तेवढा फरक कळतो. पुढे कागदासाठी वेगळी, लाल मुठीची कात्री आली आणि आईची पुन्हा फक्त कापडाची झाली.

२००९ साली ती कात्री माझ्या हातून बिघडली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ती महिनाभर शिवायची नव्हती, म्हणून म्हटलं तेवढ्यात धार लावून आणू. रस्त्यावर 'धाऽऽर' अशी हाळी ऐकू आली आणि मी खाली धावले. स्टँडवर लावलेली सायकल, पेडल मारलं की पट्ट्यावर फिरणारं दगडी चाक, ठिणग्यांचा फवारा. लहानपणापासून मला हे बघायला आवडतं. माणूस मन लावून काम करत होता. त्यानं दोन्ही पात्यांच्या बाहेरच्या कडेला धार काढली. मग पाती उलटी करून आतली बाजूही चाकावर आडवी धरली आणि आरशासारखी सपाट, लख्ख करून दिली. मी खूश होऊन वर आले.

घरी एका जुन्या चादरीवर कात्री चालवून पाहिली. मुठीजवळ कापलं, पुढे गेल्यावर कापड कापायच्या ऐवजी दुमडून दोन पात्यांच्या मधे शिरलं. जोर लावला तर आणखी आत ओढलं गेलं. शिंपी म्हणतात ना, कात्री कापड 'चावते', अगदी तसं. अंगठ्यानं चाचपलं तर धार चांगली तीक्ष्ण होती. आईनं डोळ्याला पट्टी असतानाच कात्री हातात घेतली, एकदा उघडमीट केली, कानाशी धरून ऐकली आणि काही न बोलता फलालिनीत गुंडाळून ठेवली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुरीला दोन्ही अंगांनी घासावंच लागतं. दिवसभर सुऱ्या, विळे, कोयते घासणाऱ्या त्या माणसानं कात्रीलाही तोच न्याय लावला. मलाही तेव्हा कात्री म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन सुऱ्या वाटायच्या. तसं नसतं हे मला एका चाचांनी शिकवलं.

शिंप्यांच्या कात्र्या दुरुस्त करणारं त्यांचं दुकान पेठेतच एका बोळात होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: एक मोटर, दोन चाकं, खोलगट झालेला एक लाकडी ठोकळा आणि खिळ्यांना अडकवलेल्या पन्नासेक कात्र्या. त्यांचे वडील मेरठहून पुण्यात आलेले. आईची कात्री हातात घेतल्याबरोबर त्यांनी पाती न उघडताच ओळखलं. "आतून घासली का कुणी?" मी मान डोलावली. त्यांनी खिळ्यावरची एक धड कात्री काढली, मिटली आणि माझ्यासमोर दाराच्या उजेडात आडवी धरली. "बघा ताई, मधून काय दिसतं."

दोन पात्यांच्या मधून उजेड दिसत होता. पाती जोडणाऱ्या मधल्या खिळ्यापाशी ती एकमेकांना टेकलेली, टोकाशी टेकलेली, आणि मधे केसाएवढी बारीक, लांबट फट. जवाच्या दाण्यासारखी, दोन्हीकडे निमुळती. मग त्यांनी आईची कात्री धरली. तिच्यात फट नव्हती. दोन सपाट पट्ट्या एकावर एक निजल्यासारख्या पडल्या होत्या.

"फट नाही म्हणून कापत नाही," ते म्हणाले. मला ते उलटं वाटलं. पाती जितकी चिकटून तितकं चांगलं, असंच कुणीही म्हणेल. त्यांनी कात्री अर्धी उघडून पुन्हा उजेडात धरली आणि सावकाश मिटत आणली. मग मला दिसलं. चांगल्या कात्रीची पाती सरळ नसतात. धनुष्यासारखा अगदी किंचित बाक देऊन ती एकमेकींकडे झुकवलेली असतात. कात्री मिटताना ती एकाच ठिकाणी एकमेकींना भेटतात आणि ती भेट मुठीकडून टोकाकडे सरकत जाते. कापड कापलं जातं ते त्या एका बिंदूपाशी. पोलादाच्या बाकातला ताण दोन्ही धारा तिथे एकमेकींवर दाबून धरतो, म्हणून मधला धागा निसटू शकत नाही. आतली बाजूही सपाट नसते, पन्हळीसारखी जराशी पोकळ घासलेली असते, म्हणजे धारेशिवाय बाकीचं पातं कुठे घासत नाही. धारवाल्यानं ती पोकळी पार घासून सपाट केली होती. आता पाती सगळीकडे टेकत होती आणि त्यामुळे कुठेच नीट टेकत नव्हती.

त्यांनी स्क्रू काढून दोन्ही पाती वेगळी केली. खिळ्याच्या भोकामागे अर्धचंद्राच्या आकाराचा, घासून चकाकलेला एक भाग दाखवला. कात्री उघडमीट होते तेव्हा मागच्या बाजूला पाती या चंद्रावर एकमेकींना रेटून उभी असतात, तिथूनच पुढच्या बाकाला जोर मिळतो. आईच्या कात्रीवरचा तो चंद्र पस्तीस वर्षांत गुळगुळीत झाला होता, पण शाबूत होता. "हा आहे तोवर कात्री आहे," असं म्हणून ते कामाला लागले.

आधी चाकाच्या गोल कडेवर आतली पोकळी परत काढली. मग पातं ठोकळ्यातल्या खळग्यावर पालथं ठेवून हातोडीचे हलके ठोके. एक ठोका, दोन, मग पातं उचलून उजेडात. पुन्हा एक ठोका. जोरात मारलं तर कडक पोलाद तडकतं, हळू मारलं तर परत सरळ होतं. पाती जोडायची, फट बघायची, परत सोडवायची. पाऊण तास हे चाललं होतं. एवढ्या वेळात धारेला त्यांनी जेमतेम चार मिनिटं दिली असतील. शेवटी मलमलीची एक चिंधी घेतली, ओली करून पिळली आणि कात्रीच्या अगदी टोकानं, शेवटच्या अर्ध्या बोटानं कापली. स्वच्छ चीर पडली. ओलं, पातळ कापड टोकानं कापलं गेलं तर मधे काही बघायला लागत नाही, ते म्हणाले.

धारेची गोष्ट मला तिथेच कळली. कात्रीची धार सुरीइतकी पातळ नसतेच, ती बरीच जाड कोनात असते. सुरीसारखी बारीक केली तर दोन धारा एकमेकींनाच चावतील आणि चार दिवसांत दातरे पडतील. कात्रीचं कापणं अर्धं धारेत आणि अर्धं त्या भेटीत असतं, आणि बहुतेक कात्र्यांचं धारेच्या आधी ते दुसरं अर्धं बिघडतं. आजोबांचा अडकित्ता आठवला. त्याचा खिळा इतका ढिला झाला होता की हातात घेतला की खुळखुळायचा, तरी सुपारी कातरायचा. कारण त्यात धारेचं पातं एकच, खालचा नुसता आधार. कात्रीत दोन्ही बाजूंना धार आणि दोन्ही बाजूंना आधार, त्यामुळे खिळा कागदाच्या जाडीएवढा सैल झाला तरी तलम कापड मधून वाट काढतं.

मी कात्री घेऊन चिंधी कापून बघत होते, तेव्हा चाचा माझ्या हाताकडे पाहत राहिले. "ताई, डाव्या हातानं धरता. आणि अंगठा आत ओढता. कुणी शिकवलं?"

मी डावखुरी आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला माझ्याच कात्रीत कागद दुमडायचा. बाई म्हणायच्या, हात बदल. मी हात बदलला की रेघ सोडून भलतीकडे जायचं. सगळ्या वर्गाची फुलं, चांदण्या भिंतीवर लागायच्या, माझ्या कुरतडल्यासारख्या दिसायच्या. चौथीच्या प्रगतिपुस्तकात 'हस्तकला: लक्ष द्यावे' असा शेरा होता आणि तो मी खूप वर्षं खरा मानला. आईनं मात्र एका सुट्टीत समोर बसवून, माझी बोटं आपल्या बोटांत धरून शिकवलं होतं की मिटताना अंगठा तळव्याकडे ओढायचा आणि बोटं बाहेर ढकलायची. तसं केलं की कापलं जायचं. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

चाचांनी ते दाखवलं. उजव्या हाताची मूठ मिटते तेव्हा अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. या रेट्यानं खिळ्याच्या पुढची पाती एकमेकींवर दाबली जातात. म्हणजे उजवा माणूस दर वेळी कात्री मिटताना तिला नकळत आवळतही असतो. तीच कात्री डाव्या हातात दिली की तोच रेटा पात्यांना एकमेकींपासून दूर करतो. शिवाय वरचं पातं उजव्या अंगाला असतं, त्यामुळे डाव्या हातानं कापणाऱ्याला खडूची रेघच दिसत नाही. डावखुऱ्यांच्या कात्रीत पाती आरशातल्यासारखी उलट जोडावी लागतात, नुसती मूठ बदलून भागत नाही. बाजारात 'दोन्ही हातांसाठी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कात्र्यांच्या फक्त मुठी सारख्या असतात, पाती उजवीच.

मी त्या जिन्याखाली सदतिसाव्या वर्षी उभी होते आणि मला चौथीतला तो शेरा आठवत होता. शंभरातली दहाएक मुलं डावखुरी असतात. चाळीसच्या वर्गात चार. त्या चौघांना अजून कुणीतरी हात बदल म्हणत असेल, हे मला सहन होत नाही. गेली काही वर्षं मी ओळखीच्या शाळांमध्ये डाव्या पात्यांच्या छोट्या कात्र्या नेऊन देते. पहिल्यांदा सरळ रेघ कापल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.

तेव्हापासून मी कात्री उचलली की आधी मूठ नाही, जोड बघते. जुन्यातल्या जुन्या कात्र्यांना मधला खिळाच नव्हता. मागे कमानीनं जोडलेली, चिमट्यासारखी दाबायची ती कातर मेंढ्यांची लोकर काढायला जगात अजून कित्येक ठिकाणी वापरतात. मधे खिळा असलेली कात्री रोमनांच्या काळापासूनची. पुढे इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये मुशीत वितळवलेलं एकजिनसी पोलाद आलं आणि १७६१ मध्ये तिथल्या रॉबर्ट हिंचक्लिफनं त्याच्या कात्र्या करायला सुरुवात केली. पण मला शेफिल्डचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिथे पाती घडवणाऱ्यांखेरीज ती एकमेकींना जुळवणारा वेगळा कारागीर असायचा, त्याला 'पुटर-टुगेदरर' म्हणत. हातोडीनं बाक द्यायचा, जोडायचं, उजेडात बघायचं. म्हणजे आमच्या चाचांचंच काम. कुठल्या गावात एका कामाला स्वतंत्र नाव मिळतं यावरून त्या गावानं ते किती ओळखलं आहे हे कळतं.

मेरठमध्येही ही कला तीनशेहून जास्त वर्षं चालत आली आहे, आणि २०१३ मध्ये तिथल्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळालं. ट्रक-बसचे मोडके पाटे, रेल्वेचं भंगार अशा कसदार पोलादाची पाती तिथे घडवतात. तिच्याबद्दल तिकडे एक म्हण आहे, 'दादा ले, पोता बरते'. आजोबांनी घ्यावी, नातवानं वापरावी. ही म्हण खरी ठरते ती पोलादाच्या बळावर आणि त्या स्क्रूच्याही. पाती सोडवता येतात, घासता येतात, आवळता येतात.

यंत्रावर होणाऱ्या हलक्या कात्रीचं मला वावडं नाही. फिनलंडमधल्या फिस्कार्स या १६४९ पासूनच्या लोखंडाच्या कारखान्यानं १९६७ मध्ये ओलोफ बॅकस्ट्रॉम यांनी आखलेली, प्लास्टिकच्या मुठीची कात्री काढली. पाती घडवलेली नव्हती, पोलादाच्या पट्टीतून काढलेली, मूठ बोटांच्या वळणाची. पहिल्या मुठी नारिंगी झाल्या त्या योगायोगानं, कारण यंत्रात ज्यूसरसाठी वापरलेलं नारिंगी प्लास्टिक उरलं होतं. भावानं बाहेरून आणलेली तसली एक माझ्याकडे आहे. आईच्या कात्रीच्या निम्म्यानंसुद्धा वजन नाही. हातात संधिवात असलेल्या माझ्या मावशीला तीच झेपते. ऑपरेशन थिएटरमधल्या माझ्या मैत्रिणीनं आणखी एक सुधारणा दाखवली: तिथल्या काही कात्र्यांच्या मुठी सोनेरी असतात, आणि त्याचा अर्थ धारेवर टंगस्टन कार्बाइडची कडक पट्टी बसवली आहे. एका पात्याला बारीक करवती दात पाडलेल्या कात्र्याही चांगल्या. रेशीम, शिफॉन पुढे सरकतं ते त्या दातांनी धरून ठेवतात. मात्र त्यांना धार लावायची तर दात जातात, हेही लक्षात ठेवावं.

माझं भांडण आहे ते ठोकलेल्या रिव्हेटशी. स्टेशनरीच्या दुकानात टांगलेल्या बहुतेक कात्र्यांचा मधला खिळा दोन्हीकडून ठोकून कायमचा बंद केलेला असतो. तो झिजणारच, कारण प्रत्येक वेळी पाती मिटताना सगळा जोर त्याच्यावर येतो. झिजला की पाती हलतात, पाती हलली की कागद दुमडतो आणि आपण म्हणतो धार गेली. धार बहुधा तशीच असते. हातोडी मारून रिव्हेट घट्ट करायला गेलं तर कात्री जाम होते. मग ती कचऱ्यात. त्या जागी साधा स्क्रू आणि मागून चकती असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. कात्री सुधारायची म्हणून कुणी मला विचारलं तर मी नवं पोलाद, नवा मुलामा यांच्या आधी एवढंच मागेन: जोड उघडता आली पाहिजे. असल्या टाकून दिलेल्या कात्र्यांचा मी एकदा डबा भरून चाचांकडे नेला होता. त्यांनी एकेक उचलली, खिळा बघितला आणि बाजूला ठेवली. धार पाहायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

आईची कात्री मात्र चालू आहे. वर्षातून एकदा मी स्क्रू सोडवते, आत साठलेला धाग्यांचा भुसा ब्रशनं काढते, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब अर्धचंद्रावर टाकते, पुसते आणि परत आवळते. किती आवळायचं ते बघायची एक रीत आहे. एक मूठ धरून कात्री उभी करायची, दुसरी मूठ काटकोनात उघडायची आणि सोडून द्यायची. पार मिटली तर सैल आहे. जागची हललीच नाही तर घट्ट. थोडी खाली येऊन मधेच थांबली पाहिजे.

परवा आईनं कपाटातलं आपलं जुनं मऊ सुती नऊवारी काढलं. माझ्या लेकीला सातवा महिना लागला आहे आणि बाळाची झबली, टोपडी, दुपटी बाजारातून आणायची नाहीत असं आईनं आधीच जाहीर केलंय. आता तिला जमिनीवर बसवत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर लुगडं पसरलं. खुणा मी केल्या. कात्री आदल्याच दिवशी तेलपाणी करून ठेवली होती. आईनं फलालीन उलगडलं, कात्री उभी धरली, वरची मूठ उघडून सोडली. मूठ जागीच राहिली.

"घट्ट केलीस," ती म्हणाली. "पाव वळसा सोड, जास्त नको. सुती आहे, पण धुऊन धुऊन कागदासारखं पातळ झालंय."

मी यंत्राच्या खणातून छोटा स्क्रू ड्रायव्हर आणला, पाव वळसा सोडला आणि कात्री परत तिच्या हातात दिली. तिनं ती मिटून खिडकीच्या उजेडात आडवी धरली, एक डोळा बारीक केला, आणि मग लुगड्याच्या काठापाशी पहिली चीर घेतली.